घोडा, कापूस आणि आकडा

परभणी जिल्ह्यात घोड्यांच्या शर्यतीचे मैदान नाही. जवळची म्हणावी अशी मैदाने पुणे, मुंबई आणि हैदराबादची; तिथे आमचा माणूस पोहोचला तो बांधकामावरचा मजूर म्हणून किंवा फाटकावरचा पहारेकरी म्हणून. असे असताना या जिल्ह्यात वाढलेल्या आणि इथेच इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने शर्यतीच्या जुगारावर का लिहावे, असे वाचक विचारतील. कारण असे की, महालक्ष्मीच्या कुंपणाच्या आत घोड्यावर पन्नास हजार लावणारा इसम कायद्याच्या लेखी जाणकार आहे, आणि परभणीतल्या एखाद्या टपरीआड आकड्यावर पन्नास रुपये लावणारा हमाल आरोपी आहे. पैज दोघेही लावतात. बहुधा दोघेही हरतात. मग एकाच कृत्याला दोन नावे कशी पडली? ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोयीसाठी दिली? आपल्याकडे माणसांनाही जन्मतःच अशी नावे चिकटतात. म्हणून हा प्रश्न मला केवळ जुगाराचा वाटत नाही.

घोड्यापासूनच सुरुवात करू. घोडा हे आपल्या समाजात नुसते जनावर नव्हते, अधिकाराची खूण होती. वतनी महाराच्या कामांत अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, घोड्याची वैरण-पाण्याची सोय लावणे, साहेबाचे ओझे पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवणे ही कामे होती. घोडा आमच्या वाडवडिलांच्या ओळखीचा होता तो असा, रिकिबीच्या खालच्या बाजूने. वरातीत नवरदेव घोड्यावर बसला म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून अजूनही येतात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आमच्या वस्तीतली पोरे तिथे घोडे बघायला जात, मीही गेलो आहे. घोड्याच्या दाताला हात लावून वय सांगणारी म्हातारी माणसे आमच्यातही होती. घोडा मात्र कोणाच्याच दारात नव्हता.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता हे या संदर्भात विसरून चालणार नाही. हैदराबादेत १८६८ साली मौला अलीला शर्यती सुरू झाल्या आणि १८८६ साली सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्या मलकपेठेत, आपल्या महालाच्या जवळ, आणवल्या. परभणीच्या काळ्या जमिनीचा सारा त्याच खजिन्यात जात होता. जुगाराच्या बंदोबस्तासाठी संस्थानाचा १३०५ फसलीचा कायदा होता. पुढे पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आले, आणि १३५८ फसलीत, म्हणजे १९४८-४९ साली, हैदराबादेत घोड्यांच्या शर्यती व त्यांवरील पैजेचा कर यांचे नियमन करणारा कायदा झाला. काळ कोणता होता हे पाहावे. खेडोपाडी घरे उद्ध्वस्त झालेली, वेठबिगार अजून संपायची, कुळांचे हक्क अधांतरी. आणि पैजेवर कर किती व कसा घ्यावा याची व्यवस्था मात्र लागून गेलेली. राज्य बदलले म्हणजे कोणत्या गोष्टी आधी मार्गी लागतात याचा हा एक छोटासा नमुना आहे.

आता पैजेचा व्यवहार कसा चालतो ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो सिनेमातच पाहिला आहे. पैसा दोन तऱ्हेने लागतो. एक टोटवर : सर्वांचा पैसा एका गल्ल्यात पडतो, त्यातून कर आणि क्लबाचा हिस्सा कापला जातो, उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. दुसरा बुकीकडे : तो प्रत्येक घोड्याला भाव देतो. जिंकण्याची आशा कमी तितका भाव मोठा. एखाद्या घोड्यावर पैसा पडू लागला की बुकी त्याचा भाव उतरवतो, कारण तोच घोडा आला तर त्याला खिशातून द्यावे लागणार.

या उतरत्या भावातच सगळे रहस्य आहे. समजा, मागच्या तीन शर्यतींत शेवटून दुसरा आलेला घोडा आहे. सकाळी त्याचा भाव एका रुपयाला दहा. शर्यतीच्या अर्धा तास आधी तोच भाव एका रुपयाला तीन. आणि मग घोडा सहज, मान न टाकता, पहिला येतो. भाव उतरल्यामागे कधी नुसती अफवाही असते आणि असे घोडे हरतातही. प्रत्येक वेळी लबाडीच झाली असे समजण्याचे कारण नाही. पण ज्या वेळी ती होते त्या वेळी तिची खूण हीच असते. घोड्याला आधीच्या शर्यतींत जॉकीने आतून खेचून धरलेले असते, म्हणजे भाव वाढतो. किंवा त्याच्यासाठी मुद्दाम नको ती शर्यत, नको ते अंतर निवडलेले असते. मग ठरलेल्या दिवशी लगाम सैल सुटतो. मैदानातल्या हजारो लोकांना घोड्यात काही फरक दिसत नाही. पैशाला तो आधीच कळलेला असतो. आणि पैसा म्हणजे तबेल्यातली माणसे : मालक, शिक्षक, जॉकी आणि त्यांचे चार जवळचे. ज्या मोतद्दाराने रात्र घोड्याच्या पायाशी काढली, ज्याला घोड्याची नस न् नस ठाऊक, तो या हिशेबात सर्वांत शेवटी येतो.

हा प्रकार घोड्याच्या पैजेइतकाच जुना आहे. १८४४ साली इंग्लंडात एप्समच्या डर्बीत ‘रनिंग रेन’ हा घोडा पहिला आला. शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. तक्रार झाली की हा घोडा रनिंग रेन नव्हेच, हा ‘मॅकाबिअस’ नावाचा चार वर्षांचा घोडा आहे. प्रकरण कोर्टात गेले. न्यायाधीशांनी घोडा हजर करायला सांगितले, तेव्हा घोडाच नाहीसा झाला. पहिला नंबर दुसऱ्या आलेल्या ‘ऑर्लंडो’ला मिळाला. माळेगावच्या यात्रेत कुठल्याही म्हाताऱ्याने दात पाहून जे सांगितले असते, ते सांगायला इंग्लंडात बॅरिस्टर लागले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि ते मला आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे वाटते. जून १९७५. आयर्लंडातले बेल्यूस्टाउन हे लहानसे मैदान. बार्नी कर्ली नावाच्या इसमाचा ‘यलो सॅम’ हा घोडा. कर्लीच्या माणसांनी देशभरातल्या पैजेच्या दुकानांतून थोडे थोडे पैसे त्या घोड्यावर लावले. दुकानदारांच्या लक्षात आले, तोवर शर्यत जवळ आली होती. भाव उतरवायचा तर मैदानावर कळवले पाहिजे. आणि त्या मैदानावर टेलिफोन एकच. कर्लीचा एक साथीदार त्या टेलिफोनला चिकटून, मरणाला टेकलेल्या मावशीची विचारपूस केल्याचे सोंग करत, शर्यत सुटेपर्यंत बसून राहिला. भाव एकाला वीस राहिला, घोडा जिंकला, आणि तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम द्यावी लागली. कायदा कुठेच मोडला नव्हता. घोडा, जॉकी, मैदान हे सगळे खरे. ताब्यात घ्यायची होती ती फक्त बातमीची तार. ही तार वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे परभणीत ती पुन्हा भेटणार आहे.

मुंबईत महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे. चार वर्षांनी, १८८७ साली, मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा आला. आज महाराष्ट्रात चालतो तो मुळात हाच. पुढच्या दुरुस्त्यांनी पैज ही जुगाराच्या व्याख्येत आली, परंतु परवाना असलेल्या मैदानात, शर्यतीच्या दिवशी, ठरवून दिलेल्या कुंपणाच्या आत घोड्यावर लावलेली पैज तेवढी वगळली गेली. १९१२ साली मैदानांना परवाने देण्याचा कायदा झाला, १९२५ साली पैजेवर कर बसवण्याचा. म्हणजे गुन्हा ठरला तो कृत्यावरून नव्हे, जागेवरून. कुंपणाच्या आत तो करमणूक, बाहेर तो अपराध. कुंपणाच्या आतबाहेर असण्यावरून माणसाची किंमत ठरणे आपल्याला नवे नाही. विहीर एकच, पाणी एकच, जागा वेगळी.

व्यापाऱ्यांचा सट्टा ही आणखी एक धारा आहे, आणि मटक्याची खरी आई तीच. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे सावकार अफूच्या भावावर पैजा लावत. कलकत्त्याला सरकार अफूचा लिलाव करी. त्या लिलावात पेटीला सरासरी काय भाव येईल यावर मुंबईत सौदे होत. अफू न पाहता, न घेता, न विकता. अशा एका सौद्याचा तंटा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८४८ साली तिथे ही पैज वैध ठरली. त्याच वर्षी सरकारने कायदा करून पैजेचे करार निरर्थक ठरवले. सौद्यात गुंतलेल्यांना लिलावात स्वतः बोली लावून भाव हलवायला वाव होता, हे इथे लक्षात घ्यावे. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला, मुंबईत सट्ट्याला ऊत आला, युद्ध संपताच १८६५ साली सगळे कोसळले आणि पुन्हा एकदा पैजेच्या करारांविरुद्ध कायदा करावा लागला.

त्याहून बोलका इतिहास पावसाच्या सट्ट्याचा आहे. मुंबईत पाऊस किती पडेल, छपरावरच्या ठरावीक पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैसा लागे. १८८९ साली हायकोर्टाने हा प्रकार त्या वेळच्या कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला, म्हणून १८९० साली कायदाच दुरुस्त करावा लागला. आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या कोरडवाहू मुलखात पाऊस म्हणजे वर्षभराची भाकर. मुंबईच्या गल्लीत तो रुपयाला किती, एवढ्यापुरता होता. आमच्या नशिबाचा भाव दुसरीकडे कोणी तरी लावत असतो, हे शब्दशः खरे होते.

आता परभणी. मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास या भागातून गेला. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशने झाली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. हैदराबाद संस्थानातला गावराणी कापूस गाठींच्या रूपाने मुंबईला जाऊ लागला. कापसाचा भाव मात्र इथे ठरत नसे. तो मुंबईत ठरे, आणि मुंबईत न्यूयॉर्क-लिव्हरपूलकडे बघून ठरे. माझी आजी कापूस वेचायला जाई. मजुरी वजनावर, बोंडाच्या टोकांनी बोटे फाटत आणि सकाळच्या दहिवराने कापूस ओला असला तर मापारी वजन कापून घेई. माझे वडील जिनिंगवर हमाल होते. दोघांनाही कापसाचा भाव ठाऊक नसे. ठाऊक करून घेण्याचा उपयोगही नव्हता.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडतेवेळी काय भाव फुटला आणि बंद होतेवेळी काय, हे तारेने मुंबईला येई. या दोन भावांतल्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. याला आकडा म्हणत. १९६०-६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारे हे भाव बंद झाले. धंदा बुडायला हवा होता. तो बुडाला नाही. कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीला आणि कराचीहून निर्वासित होऊन आलेल्या रतन खत्री यांनी १९६४ साली स्वतःचा आकडा सुरू केला. कापूस गेला, बाजार गेला, तार गेली. उरला तो नुसता आकडा. आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढत म्हणून मटका, पुढे पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा घ्यायचा. दोन, पाच आणि सहा म्हणजे तेरा, म्हणजे तिरी. पहिला आकडा ओपन, नंतरचा क्लोज, दोन्ही मिळून जोडी. ओपन आणि क्लोज हे शब्द कापसाच्या बाजारातलेच. न्यूयॉर्क कोणत्या दिशेला आहे हे माहीत नसलेली माणसे आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी ते उच्चारत. आजीने वेचलेल्या कापसाच्या भावाची सावली अशी फिरून तिच्याच ओसरीवर येऊन पडली होती, आणि ती पडली आहे हे कोणाला माहीत नव्हते.

मुंबईत मटका वाढला तो गिरणगावात, आणि गिरण्याही कापसाच्याच. आमच्याकडे तो कसा आला याविषयी वस्तीतली जुनी माणसे सांगतात की, १९७२ च्या दुष्काळात जी माणसे मुंबई-पुण्याला गेली त्यांच्याबरोबर तो परतला. एजंट, रायटर, चिठ्ठी ही साखळी त्यानंतरची. खत्रींना आणीबाणीत तुरुंगवास झाला; त्यांच्यावर बेतलेला म्हणून ‘धर्मात्मा’ हा सिनेमा १९७५ साली आला आणि चालला. जुगारी राजाची गोष्ट पडद्यावर पाहायला तिकीट काढणारा प्रेक्षक बराचसा त्याचाच गिऱ्हाईक होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती लाजेची नाही आणि गौरवाचीही नाही. आमच्या वस्तीत अक्षराच्या आधी आकडा आला. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी माणसांना सही येत नव्हती, पण शून्य ते नऊ बिनचूक वाचता येत, तीन आकड्यांची बेरीज तोंडी येई, आणि मागच्या सहा महिन्यांतली कोणत्या तारखेला कोणती जोडी लागली हे पाठ असे. जुन्या निकालांचे छापील तक्ते मिळत, त्यांना चार्ट म्हणत. आमच्या शेजारचा एक गृहस्थ, शाळेचे तोंड न पाहिलेला, हे चार्ट वर्षानुवर्षे जपून ठेवी, सुतळीने बांधून, पावसाळ्यात धान्याच्या कोठीत. मंगळवारी पंजा लागला की शुक्रवारी काय येते, अमावास्येला कोणते आकडे फुटतात, याच्या खुणा त्याने लाल पेन्सिलीने केल्या होत्या. तारीखवार लावलेला, काळजीने राखलेला कागदपत्रांचा संग्रह मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो हा. पुढे पुराभिलेखागारात बसलो तेव्हा त्याची आठवण झाली. एवढी चिकाटी, एवढी स्मरणशक्ती, एवढा कार्यकारण शोधण्याचा ध्यास. आणि सगळा अशा ठिकाणी खर्ची पडलेला जिथे कार्यकारण नव्हतेच. मटका म्हणजे गरिबांचे बंड आहे, असे काही शहरी मित्र कौतुकाने बोलतात. त्यांनी ती कोठी पाहिलेली नाही. त्या घरात चार्ट कोरडे राहिले, ज्वारी भिजली.

कार्यकारण अजिबात नव्हते असेही नाही. ते दुसऱ्या टोकाला होते. हिशेब पाहा. एका आकड्याला एका रुपयाला नऊ रुपये मिळत, जोडीला नव्वद. आकडे दहा, जोड्या शंभर. म्हणजे पत्ते अगदी प्रामाणिकपणे काढले तरी शंभरातले दहा रुपये बुकीचेच. पण वही आधी भरते आणि पत्ते नंतर निघतात. समजा हजार रुपये लागले, त्यांतले तीनशे पंजावर आणि वीस सत्तीवर. पंजा आला तर सत्तावीसशे द्यावे लागतात, सतराशेची खोट येते. सत्ती आली तर एकशे ऐंशी देऊन आठशे वीस खिशात. वही ज्याच्यासमोर उघडी आहे आणि पत्ते ज्याच्या हातात आहेत, त्याने काय करावे? खत्रींचा आकडा लोकांसमोर निघे आणि म्हणूनच त्यावर विश्वास होता, असे जाणकार सांगतात. तो विश्वास हेच त्यांचे भांडवल होते. मुंबईतल्या गर्दीसमोर पत्ते उघडले जातही असतील. परभणीत कोणी काय पाहिले? इथे आकडा टेलिफोनने यायचा. तो आधी कोणाच्या कानावर पडला, एजंटाने चिठ्ठ्यांचा पैसा वर पाठवला की स्वतःच खाल्ला, जड जोडी लागली तर तो दुसऱ्या दिवशी गावात असेल की नाही, यांतले काहीही आमच्या हाती नव्हते. आयर्लंडात बुकीला फसवायला तार एका माणसाने अर्ध्या तासासाठी ताब्यात घेतली, त्याची दंतकथा झाली. इथे तार कायमचीच एका बाजूच्या ताब्यात होती.

म्हणून या दोन जुगारांतल्या लबाडीच्या खुणा एकमेकींच्या उलट आहेत. शर्यतीत संशय येतो तो ज्याच्यावर अवचित फार पैसा पडला तो घोडा जिंकला म्हणजे. कारण तिथे आतली माणसे स्वतः पैज लावणारांत असतात. मटक्यात संशय येतो तो ज्याच्यावर सर्वांत कमी पैसा होता तो आकडा फुटला म्हणजे. कारण तिथे पैज लावणारांत आतले कोणीच नसते. आमच्यातला कोणीही कधी तबेल्यात नव्हता. याला आमची माणसे नशीब म्हणत. नशीब खोटे, असे म्हणायला कपाळावरचा लेख मान्य नसलेले आपण नेहमीच तयार असतो. परंतु इथे ते कोणत्या वहीत, कोणत्या बेरजेने लिहिले जात होते, हे दाखवताही येते.

जुन्यांना हे कळत नव्हते असे नाही. पाली जातकांत लित्त जातक आहे. एक लबाड जुगारी हरू लागला की फासा तोंडात लपवी आणि फासा हरवला म्हणून खेळ मोडी. बोधिसत्त्वाने फाशांना विष लावून ठेवले. त्याने फासा गिळला, तो कोसळला. मग बोधिसत्त्वाने औषध देऊन त्याला वाचवले आणि चार शब्द सुनावले. कथेत नशिबाचा शब्द नाही, फासा कोठे आहे एवढाच प्रश्न आहे. सभापर्वातले द्यूत मात्र आपल्याला धर्मसंकट म्हणून शिकवले जाते. शकुनीचे फासे, युधिष्ठिराची सत्यनिष्ठा, द्रौपदीचा प्रश्न. द्रौपदीच्या, भावांच्या आणि स्वतःच्या कितीतरी आधी युधिष्ठिराने हजारो दासदासी पणाला लावल्या आणि घालवल्या. त्यांच्यापैकी कोणी सभेत प्रश्न विचारला असेल तर तो कोणी लिहून ठेवला नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनेत हा विषय आला तेव्हा काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत राज्यांच्या यादीतल्या ‘पैज आणि जुगार’ या नोंदीवर चर्चा झाली. शिब्बनलाल सक्सेना प्रभृती सभासदांना ही नोंद म्हणजे जुगाराला मान्यता वाटली. ती काढून टाका, असा त्यांचा आग्रह होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिले त्याचा आशय असा की, नोंद काढली तर जुगार बंद होणार नाही, उलट राज्यांचे त्यावर काहीच नियंत्रण उरणार नाही. नोंद ठेवली तर राज्य त्याला परवानगी देऊ शकते तशी बंदीही करू शकते. बंदीच हवी असेल तर तसा स्पष्ट अनुच्छेद घाला. नैतिक आवेशाला त्यांनी कायद्याच्या प्रश्नाने उत्तर दिले : सत्ता कोणाच्या हाती राहणार ते आधी पाहा. सत्ता राज्यांच्या हाती राहिली. महाराष्ट्राने ती कशी वापरली? घोड्यांना परवाना, मटक्याला पोलीस, आणि १९६९ साली सरकारची स्वतःची लॉटरी.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मुंबईच्या बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यात जुगार हा व्यापार नव्हेच असे सांगितले आणि कौशल्याचे खेळ त्यातून वेगळे काढले. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरला. घोड्याचे कूळ, त्याची तयारी, जॉकीची हातोटी, मैदानाचे अंतर यांचा अभ्यास करून पैज लावली जाते, ती दैवावर नसते, असा युक्तिवाद तिथे मान्य झाला. मी या निकालाकडे कायद्याचा अभ्यासक म्हणून नव्हे, इतिहासाचा शिक्षक म्हणून पाहतो. घोड्याचे कूळ पुस्तकात छापलेले असते, ते कुणालाही वाचता येते, हे मान्य. परंतु भाव हलतो तो त्या ज्ञानाने नव्हे. आज घोडा सुटणार की खेचला जाणार, हे ज्ञान तबेल्याच्या दाराआड असते आणि तिथे प्रवेश जन्माने, पैशाने व ओळखीने मिळतो. या प्रवेशालाच कौशल्य म्हटले गेले. गुणवत्ता हा शब्द ज्यांनी आयुष्यभर मुलाखतींच्या टेबलापलीकडून ऐकला आहे, त्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. मलाही एका मुलाखतीत, उमेदवार आधीच ठरलेला असताना, आपला अभ्यास कमी पडतो असे सांगण्यात आले होते. त्या खोलीत भाव सकाळीच उतरलेला होता.

शेजारचा तो गृहस्थही अभ्यासच करत होता, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. त्याचा अभ्यास निष्फळ होता, हे मी वर म्हटलेच आहे. पण महालक्ष्मीच्या गॅलरीत बसून घोड्यांची पुस्तके चाळणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाचा अभ्यास त्याहून फार फलद्रूप होता काय? फरक निघतो तो एवढाच की, एकाच्या अभ्यासावर न्यायालयाची मोहर आहे.

खत्री २०२० साली वारले. कल्याणजींचे चिरंजीव सुरेश भगत २००८ साली अलिबागजवळ ट्रकच्या धडकेत मेले. तो अपघात नसून खून होता हे सिद्ध होऊन २०१३ साली त्यांच्या पत्नीसह इतरांना शिक्षा झाली. महालक्ष्मीच्या मैदानाचा भाडेपट्टा २०१३ साली संपला होता. २०२४ साली तडजोड होऊन दोनशे अकरा एकरांपैकी एकशेवीस एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आले आणि एक्क्याण्णव एकर शर्यतीसाठी पुन्हा तीस वर्षांच्या पट्ट्याने क्लबाकडे राहिले.

आमच्या जिल्ह्यात मटक्यावर छापा पडला की बातमी चार ओळींची येते. जुगार प्रतिबंधक कायदा, कलम १२ (अ). नाव असते ते चिठ्ठी लिहिणाऱ्याचे, वयासह आणि वस्तीच्या नावासह. वस्तीच्या नावावरून बाकीचे वाचकाला कळतेच. वही ज्याच्याकडे जाते त्याचे नाव फारसे येत नाही. जप्तीच्या मुद्देमालात रोख काही शे रुपये, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि एक बॉलपेन, किंमत पाच रुपये, अशी स्वतंत्र नोंद असते.